शंभराने गुणू नका!

चौथीच्या वर्गाला शंभराचा गुणाकार शिकवताना मला फारसे कष्ट पडत नाहीत. ज्या आकड्याला शंभराने गुणायचे, त्याच्यापुढे दोन शून्ये मांडायची, की झाले! सतराच्या पाढ्याला रडणारे पोरही हा गुणाकार हसत हसत करते. आणि म्हणूनच की काय, अलीकडे हा एकच गुणाकार घरोघरच्या थोरामोठ्यांना विलक्षण आवडू लागला आहे. फराळाची ताटे मांडलेली असतात, कोणीतरी विचारते, "धाकटे जावई कुठे असतात म्हणालात?" "जर्मनीला." "अस्सं! पगार?" "साडेचार हजार युरो." आणि चकलीचा तुकडा तोंडात जायच्या आधीच समोरच्याच्या डोळ्यांत दोन शून्ये उमटतात. "म्हणजे साडेचार लाख! आणि दरमहा!"

वाचकहो, या दोन शून्यांशी आज मला भांडायचे आहे. सणासुदीच्या दिवशी भांडण बरे नव्हे, हे मला कळते. पण हा गुणाकार सणासुदीलाच सर्वांत जास्त केला जातो. तेव्हा त्याचे वाभाडेही सणासुदीलाच काढलेले बरे.

आधी माझा अधिकार सांगते. तो मोठा नाही. आमच्या घरी दहावीला अजून मॅट्रिकच म्हणतात, आणि मॅट्रिकपुढे माझे शिक्षण गेले नाही. तासगावच्या एका लहानशा खाजगी शाळेत गेली वीस वर्षे मी मुलांना बेरीज-वजाबाकी आणि शुद्धलेखन शिकवते. रात्री कादंबऱ्या लिहिते; त्या कोणी वाचल्या तर आनंद होतो, न वाचल्या तर दुसरी लिहायला घेते. अर्थशास्त्राचे पुस्तक मी कधी उघडलेले नाही. परंतु २०२५ च्या मार्चअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत मी जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहरी, धाकट्या बहिणीच्या घरी राहून आले. आई नाही, तेव्हा बाळंतपणाला थोरल्या बहिणीनेच जायचे, असे ठरले. बिनपगारी रजा आणि उन्हाळ्याची सुट्टी जोडून मी निघाले. सोबत डिंक, अळीव, खारीक, सुंठ आणि डोक्यात हाच गुणाकार. होय, मीही गुणाकार करणारीच होते. किंबहुना आमच्या घरात सर्वांत हुशारीने तो मीच करीत होते. गणिताची बाई ना मी!

त्या वेळी युरो अजून शंभराला टेकायचा होता. पण हिशेबाला सोपे पडते म्हणून आम्ही शंभरच धरीत होतो. पुढे पावसाळ्यात तो खरोखरच शंभर ओलांडून गेला, तेव्हा तर आमच्या गल्लीत सुतक फिटल्यासारखा आनंद झाला! आता हेच पाहा. हाच युरो २०२२ साली काही दिवस ऐंशीच्याही खाली उतरला होता. समजा, एखाद्याचा पगार तेव्हाही साडेचार हजार होता आणि २०२५ सालीही तेवढाच राहिला. त्याच्या स्वयंपाकघरात एक पाव जास्त आला नाही, अंगावर एक कोट जास्त चढला नाही. पण तासगावात बसलेल्या त्याच्या सासऱ्याच्या लेखी त्याचा पगार महिन्याला नव्वद हजारांनी वाढला! न कमावता वाढणारा आणि न मिळता मोजला जाणारा असा हा पगार आहे. त्याला पगार म्हणायचे की स्वप्न म्हणायचे, ते तुम्हीच ठरवा.

परक्या मुलखात नवख्या माणसाला हा गुणाकार तापासारखा चढतो. पहिले आठ दिवस मी त्या तापातच होते. गाडीचे एकवेळचे तिकीट तीन युरोंच्या पुढे. म्हणजे तीनशे रुपये, आणि उतरायचे कुठे, तर चार थांब्यांवर! तुर्की वाण्याकडे कोथिंबिरीची जुडी एक युरो; शंभर रुपयांची कोथिंबीर आमटीवर घालताना माझा हात थरथरला. स्वस्तातल्या दुकानात दीड लिटर पाण्याची बाटली घेतली, तर पाण्यापेक्षा बाटलीच महाग! प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत घेतात आणि रिकामी बाटली यंत्राला परत दिली की ते पैसे परत देतात, हे मला मागाहून कळले. ती पद्धत तिकडे २००३ पासून चालू आहे. मी मात्र पहिल्या दिवशी बाटली कचऱ्यात टाकली आणि रात्री बहिणीने सांगितल्यावर 'पंचवीस रुपये बुडाले' म्हणून हळहळत बसले. अशाच रिकाम्या बाटल्या स्टेशनावरच्या टोपल्यांतून हात घालून गोळा करणारा एक पांढऱ्या केसांचा, नीटनेटका कोट घातलेला म्हातारा मी पाहिला. त्या दिवशी माझ्या गुणाकाराला पहिला तडा गेला. पंचवीस रुपयांना एक बाटली, म्हणजे दिवसाला चाळीस बाटल्यांचे हजार रुपये, महिन्याचे तीस हजार. आमच्या शाळेत मला मिळतात त्याच्या दुपटीहून जास्त! मग तो म्हातारा श्रीमंत का दिसत नव्हता?

रविवारी सारी दुकाने बंद असतात, हेही मला ठाऊक नव्हते. १९१९ सालच्या घटनेतले रविवारच्या विश्रांतीचे कलम त्यांनी आजच्या घटनेतही जसेच्या तसे ठेवले आहे. शनिवारी दूध आणायला विसरलेली मी रविवारी बिनदुधाचा चहा पीत बसले. जिन्याच्या केराची पाळी असते, हे मात्र मला फार आवडले. त्या भागात त्याला 'केरवोखे' म्हणतात, म्हणजे झाडण्याचा आठवडा. केर हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लागते. त्याने जिना झाडायचा, पुसायचा. कामाला बाई ठेवायची सोय तिथल्या साध्या नोकरदाराला नाही. मी पदर खोचून तीन मजले झाडून काढले. शेजारच्या आजीबाईंनी मान डोलावली. आमची भाषा जुळली नाही, पण केर जुळला.

इथवरचे सारे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. आता जे सांगायचे ते तसे नाही.

बहिणीच्या घरी उतरले त्या रात्री मला थंडी वाजली. मार्च संपत आला होता, बाहेर अजून गारठा होता. पण घरातही तोच गारठा? खोलीत खिडकीखाली उष्णतेची पन्हळी असते, तिला हात लावला तर ती थंड. बहीण नववा महिना लागलेली, अंगात दोन स्वेटर, पायांत इथून नेलेल्या बाटाच्या सपाता. म्हणाली, "ताई, सवय होईल. आम्हांला झाली आहे." पलंगामागच्या कोपऱ्यात, जिथे पाळणा ठेवायचा होता तिथे, भिंतीवर काळे ठिपके होते. मी म्हटले, "हे काय?" ती म्हणाली, "बुरशी. घर तापवले नाही आणि खिडक्या नीट उघडल्या नाहीत की धरते. मालक म्हणतो, तुमची चूक आहे."

त्या देशात भाड्याचे दोन प्रकार आहेत: थंड भाडे आणि ऊबदार भाडे. थंड भाडे म्हणजे नुसत्या चार भिंतींचे. त्यात घर तापवणे, पाणी, जिन्यातला दिवा, कचरा यांची भर घातली, की ते ऊबदार होते. बहिणीच्या दोन खोल्यांचे थंड भाडे १,०५० युरो, ऊबदार १,३२०. पण हे जास्तीचे पैसे अंदाजाने आगाऊ घेतात. वर्षअखेर प्रत्यक्ष किती ऊब जाळली त्याचा हिशेब होतो. जास्त जाळली असेल तर आणखी भरावे लागतात. हे दोघे नवखे, पहिलाच हिवाळा. वर्षअखेरीच्या त्या हिशेबाला भिऊन त्यांनी हिवाळाभर ती पन्हळी निम्म्याहून अधिक वेळ बंद ठेवली. "पण एवढी काटकसर कशासाठी?" मी विचारले. "साडेचार हजार मिळतात ना?"

बहिणीने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर मला सोसला असता. तिने टेबलाच्या खणातून चौकटीची वही काढली आणि माझ्यापुढे सरकवली. माझ्याच शाळेतल्या पोरांसारखी, वरती 'श्री' लिहिलेली वही. त्या वहीतला एक महिना मी उतरवून घेतला आहे. तो असा:

पगार ४,५०० युरो. त्यातून आयकर, आजारपणाचा विमा, निवृत्तिवेतन, बेकारीचा विमा आणि म्हातारपणच्या शुश्रूषेचा विमा मिळून सुमारे १,३५० कापले जातात, हातात ३,१५०. ऊबदार भाडे १,३२०. वीज ७०. रेडिओ-दूरदर्शनची वर्गणी १८. ही दर घरटी असते, घरात दूरदर्शन संच असो वा नसो, आणि २०२१ पासून तिचा दर महिना १८ युरो ३६ सेंट आहे. दोघांचे गाडीचे मासिक पास ११६. हा देशभर चालणारा पास २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झाला, तो २०२५ च्या जानेवारीत ५८ झाला. टेलिफोन आणि इंटरनेट ६०. वाणसामान, भाजी, दूध ४००. बहिणीच्या जर्मन भाषेच्या वर्गाचे २३०. आणि या सर्वांच्या आधी, भाड्याच्याही आधी, वहीच्या पहिल्याच ओळीत, तांबड्या शाईने: 'आप्पा, ८००.'

शिल्लक, १३६ युरो. त्यात हिवाळ्याचे बूट, बाळाची गाडी, दवाखान्याच्या फेऱ्या, मायदेशी यायचे विमानभाडे आणि वर्षअखेरीचा तो ऊबेचा हिशेब!

हे आठशे कशाचे? आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, जावयाच्या साडेचार लाखांच्या भरवशावर सांगलीला एक फ्लॅट नोंदवला होता, त्याच्या हप्त्याचे. आप्पा लोभी नाहीत. बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी आयुष्यभर चोख हिशेब लिहिला. पै इकडची तिकडे केली नाही. पण त्यांनाही वाटले, की साडेचार लाखांतून ऐंशी हजार म्हणजे काय? दर्यामे खसखस! आणि मी? आमच्या मागच्या पडवीचे छप्पर गळते. दुरुस्तीला दोन लाख लागतात. स्टुटगार्टला निघण्याआधी मी फोनवर सहज म्हणाले होते, "अगं, तुम्हांला काय, दोन हजार युरो!" वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिले होते, 'ताई, छप्पर, २,०००. कसे?' त्या 'कसे'पुढचे प्रश्नचिन्ह मी अजून विसरलेले नाही. जे बाळ अजून जन्मले नव्हते त्याच्या खोलीची ऊब आम्ही इथे बसून शंभराने गुणीत होतो.

आता कोणी म्हणेल, "बाई, चूक तुमच्या बहिणीची! तिने सांगायचे होते." म्हणणे खरे आहे. पण तिने सांगावे तरी कसे? दर रविवारी आम्ही तिच्याशी चित्रफोनवर बोलायचो. फोन समोर आला, की ती वरचा स्वेटर काढून ठेवायची आणि जिथे बुरशी नाही त्या भिंतीपुढे बसायची. ज्याचा पगार गावाने मोजलेला आहे, त्याला आपले दारिद्र्य सांगायची सोय उरत नाही. 'नाही' म्हटले, की माणूस कंजूष ठरतो. 'परवडत नाही' म्हटले, की खोटारडा ठरतो. "साडेचार लाख मिळवतो आणि रडतो!" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! त्या वाक्याने किती घरांतल्या पन्हळ्या थंड पडल्या असतील, कोण जाणे.

दुसरा एक आक्षेप येईल. "एवढे हाल आहेत, तर जातात कशाला? यावे परत!" हा आक्षेप घेणारे बहुतेक तेच असतात, जे काल साडेचार लाखांना माना डोलावीत होते. काल तिकडे सोन्याच्या विटा होत्या, आज उकिरडा झाला! नाही हो. तसेही नाही. पगारातून ते जे १,३५० युरो कापले जातात, ते कुठे विहिरीत पडत नाहीत. एप्रिलच्या मध्याला माझी बहीण बाळंत झाली. दवाखान्यातून निघताना मी सवयीने कनवटीला हात घातला. तर बिलच नाही! बहीण मिळवती नसली, तरी नवऱ्याच्या विम्यात तिचा विमा धरलेलाच होता, आणि त्यासाठी जास्तीचा पैसा पडत नाही. त्यानंतर घरी सुईण येऊ लागली. 'हेबामे' म्हणतात तिला. पहिले दहा दिवस रोज आली. बाळाचे वजन करी, नाळ पाही, आईला पाजायला शिकवी, आणि कोपऱ्यातली बुरशी पाहून माझ्या मेहुण्यांना अशा आवाजात बोलली, की भाषा न कळताही मला सारे कळले. त्याच दिवशी पन्हळी चालू झाली. तिची फी विम्यातून गेली. माझ्या गुणाकारात या बाईला जागा कुठे होती? पगार गुणताना मी कापलेले पैसे वजा केले नाहीत, आणि कापलेल्या पैशांतून मिळालेले मिळवलेही नाहीत. म्हणजे हा गुणाकार दोन्ही अंगांनी खोटा. तो तिकडच्या माणसाला खोटाच श्रीमंत करतो आणि तिकडचे खरे सुख आपल्याला दिसू देत नाही.

मग मोजायचे कसे? मी गणिताची बाई आहे, नुसता आक्षेप घेऊन सुटता येणार नाही. माझे उत्तर असे, की गुणाकार सोडा, भागाकार करा. त्या देशातला पैसा त्या देशातल्या घामाने मोजा. २०२५ साली जर्मनीत कायद्याने ठरलेली कमीत कमी मजुरी तासाला १२ युरो ८२ सेंट होती. दुधाचा लिटर एक युरोच्या आसपास, म्हणजे तिथल्या साध्यातल्या साध्या मजुराची पाच मिनिटे. पाव किलो लोणी दोन युरोंच्या आसपास, म्हणजे दहा मिनिटांच्या आतबाहेर. ते कढवून मी डिंकाच्या लाडवांना तूप केले. महिन्याचा पास साडेचार तास. बिनतिकीट सापडलात तर दंड साठ युरो, म्हणजे पुन्हा साडेचार तासांहून थोडे अधिक. आणि माझ्या मेहुण्यांच्या केस कापण्याला अठ्ठावीस युरो, दोन तासांहून जास्त; म्हणून बहीणच कात्री घेऊन त्यांचे केस कापते.

आता माझा भागाकार ऐका. मला महिन्याला चौदा हजार मिळतात. सव्वीस दिवस, दिवसाचे सात तास; म्हणजे तासाला सत्त्याहत्तर रुपये. दुधाचा लिटर साठ रुपये धरला, तर तो मला पाऊण तासाला पडतो. तिथल्या मजुराला पाच मिनिटे, मला पाऊण तास! मग महागाई कुठे आहे? 'शंभर रुपये लिटर दूध' म्हणून तिकडच्या दुकानात मी तोंडाला पदर लावला होता. भागाकाराने कळले, की तोंडाला पदर तासगावच्या डेअरीपुढे लावायला हवा होता.

आणि हाच भागाकार थोडा पुढे नेला, तेव्हा मला लाज वाटली. तिथे वस्तू स्वस्त आहे; माणसाचा हात महाग आहे. जिथे माणसाचा हात लागला, केस कापायला, नळ दुरुस्त करायला, जिना पुसायला, तिथे पैसा पडतो, कारण त्या हाताला पोटभर मजुरी द्यावी लागते. आपल्याकडे आपण ज्याला स्वस्ताई म्हणतो ती कसली स्वस्ताई आहे? आमच्याकडे मावशी रोज अर्धा तास भांडी घासतात, महिन्याला आठशे रुपये. म्हणजे त्यांचा अर्धा तास मी सत्तावीस रुपयांहून कमी पैशांत घेते. दुधाच्या लिटरसाठी त्यांना एका तासाहून जास्त वेळ भांडी घासावी लागतात. गेल्या वर्षी त्यांनी दोनशे वाढवून मागितले, तेव्हा "महागाई किती झाली आहे, मावशी!" असे मीच त्यांना ऐकवले होते. महागाई मला, आणि वाढ मागायची नाही त्यांनी! 'तिकडे राहणे फार महाग हो' असे जो म्हणतो, त्याने एवढे लक्षात ठेवावे, की इकडचे आपले राहणे स्वस्त आहे ते कोणाच्या तरी हातांच्या जिवावर. जर्मनीत कोणी मला हे शिकवले नाही. वही-पेन्सिलीने शिकवले.

परक्या देशात नवखेपणी काटकसर करणे यात काही कमीपणा नाही. गांधीजी १८८८ साली लंडनला शिकायला गेले. पै-पैचा हिशेब लिहिला, गाडीभाडे वाचवायला मैलोन्‌मैल चालले, एका खोलीत राहून ओटाची लापशी शिजवून दिवस काढले. हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या. तिथल्या थंडीत, तिथल्या अन्नाशी झगडत १८८६ साली डॉक्टर झाल्या. ही माणसे परदेशी गेली ती काही मिळवून आणायला. पण त्यांच्या विद्येचा भाव कोणी रोज वर्तमानपत्रात पाहून गुणीत नव्हते. काटकसर कष्टाची असेल तर माणूस तिने घडतो. पण ती दुसऱ्याच्या खोट्या हिशेबासाठी असेल तर माणूस तिने आतून झिजतो.

आणि नव्याने जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे तर काय सांगावे! जर्मनीत शिक्षण फुकट, अशा जाहिराती गावोगावच्या भिंतींवर लागल्या आहेत. पुष्कळ सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, हे खरे. पण ज्या राज्यात स्टुटगार्ट येते त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो द्यावे लागतात, हे भिंतीवर लिहिलेले नसते. व्हिसासाठी खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून दाखवावे लागतात, हा २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा. त्यातून महिन्याला ९९२ हातात येतात. शंभराने गुणा: नव्व्याण्णव हजार! "महिन्याला लाख रुपये खर्चाला मिळतात पोराला!" अहो, ते लाख तुमचेच आहेत, शेत गहाण टाकून पाठवलेले. त्यातून खोली, विमा आणि जेवण भागवून पोराच्या हातात काय उरते, हे त्याला विचारा. आणि विचारताना 'किती वाचवलेस?' असे विचारू नका, 'जेवलास का?' असे विचारा.

आम्ही द्राक्षांच्या गावचे. स्टुटगार्टच्याही टेकड्यांवर शहरात शिरेपर्यंत द्राक्षांचे मळे आहेत. ते पाहून मला पहिल्यांदा तिथे आपलेसे वाटले. पण आमच्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. तिथे हिवाळ्यात एकदाच. वेल तीच, फळ तेच. पण हवा वेगळी, म्हणून वेळापत्रक वेगळे. तासगावचा बागाईतदार स्टुटगार्टला जाऊन तिथली वेल ऑक्टोबरात छाटून नव्या फुटव्याची वाट पाहू लागला, तर आपण त्याला वेड्यात काढू. मग तिथल्या माणसाच्या संसाराला तासगावचे माप लावणाऱ्याला शहाणा का म्हणतो?

जूनमध्ये परत आले ती ते वहीचे पान घेऊनच. आप्पांपुढे ठेवले. ते आधी रागावले. "पोरगी परकी झाली," म्हणाले. मग चष्मा लावला. आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस. आकडे समोर आले, की राग थांबतो. त्यांनी एकदा बेरीज केली, पुन्हा खालून वर केली. बराच वेळ तांबड्या शाईच्या ओळीवर बोट ठेवून बसले. मग म्हणाले, "बेरीज बरोबर आहे." दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन त्यांनी फ्लॅट सोडून दिला. नोंदणीचे पैसे बुडाले, ते बुडालेच. त्याचे दुःख त्यांना अजून आहे आणि मी ते खोटे म्हणणार नाही. आता महिन्याला आठशे येत नाहीत. दर रविवारी नातीचा चेहरा येतो, आणि बहीण कोणत्याही भिंतीपुढे बसते.

वाचकहो, यंदा फराळाला तुमच्याकडेही कोणी परदेशातून आलेले असेल, किंवा न येता फोनवरून बोलेल. त्याला पगार विचारू नका. विचारलात, तर भाडेही विचारा. आणि भाडे विचारलेत, तर घर गरम असते का, तेही विचारा.

आमच्या पडवीचे छप्पर यंदाही गळले. मी खाली बादली ठेवली. मावशींच्या पगारात दोनशे वाढवले, म्हणून छपराला आणखी एक वर्ष थांबावे लागेल. थांबेल ते. पावसाळा काय, चार महिन्यांचा असतो.